हंगेरीवाला शेजारच्या स्लॅबवर

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी साडेसात. हजर: मी, जालन्याला नोकरी करणारा आणि आदल्या संध्याकाळी आलेला माझा नवरा, त्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, मोंढ्यातल्या धान्यबाजारातले चार हमाल आणि त्यांचा मुकादम, शेजारच्या अर्धवट इमारतीचा सुपरवायझर, त्या इमारतीची राखण करणारं जोडपं आणि त्यांच्या दोन शेळ्या. गैरहजर: आमची मुलगी, पुण्याला, परीक्षेमुळे.

काम एकच होतं. ताईंचा पियानो आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून बाहेर काढायचा आणि नाशिकला जाणाऱ्या टेम्पोत चढवायचा. नाशिकला ताईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीने संगीताचे वर्ग काढले होते आणि मागे एक खोली बांधली होती. या, राहा, शिकवा, असं तिचं म्हणणं. ताई जायला तयार होत्या. बासष्टाव्या वर्षी भावाच्या घरातून स्वतःच्या खोलीत जायची ती पहिली संधी होती. अट एवढीच, की पियानो सोबत आला पाहिजे. पियानो अडला तर ताईही अडल्या.

आता तो अडला कसा, ते सांगते.

ताई छावणीतल्या एका शाळेत संगीत शिकवत. शाळेने इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतले तेव्हा जुना उभा पियानो ताईंनी विकत घेतला आणि तो गारखेड्यात आमच्याकडे आला. आला तो सरळ जिन्याने. तेव्हा जिना रुंद होता. पुढे सोसायटीने लिफ्ट बसवायची ठरवली. जागा नव्हती, म्हणून जिन्याचा हातभर भाग कापून लिफ्टचा सांगाडा उभा केला. त्या ठरावावर पहिली सही ताईंची होती, गुडघ्यांमुळे. लिफ्ट झाली, आम्ही पेढे वाटले, आणि बऱ्याच दिवसांनी पियानो दुरुस्तीला न्यायची वेळ आली तेव्हा कळलं की तो लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर वळतही नाही. मी टेप घेऊन उभा, आडवा, तिरका असा सगळा मोजून पाहिला. ताई खुर्चीत बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "राहू दे. मीच सही केली होती."

त्या पियानोवर ताई बहुतेक एकाच माणसाचं संगीत वाजवत. शाळेच्या कपाटात मोठ्या नावांच्या पुस्तकांमागे त्यांना एक जाड वही सापडली होती, कुणा हंगेरियन संगीतकाराच्या छोट्या छोट्या रचनांची. त्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही, आणि ज्यांना मी विचारलं त्यांच्यातल्या कुणी ते ऐकलेलंही नव्हतं. घरात त्याला हंगेरीवाला म्हणत. नवरा दारातून आत येताना विचारायचा, "काय ताई, पाहुणे जेवले का?"

"इतक्या मोठमोठ्यांना सोडून हाच का?" मी एकदा विचारलं होतं.

"मोठ्यांना सगळ्यांनी वाजवून वाजवून चिकट केलंय," ताई म्हणाल्या. "ह्याला अजून कुणाचा हात लागलेला नाही."

मला संगीतातलं कळत नाही, पण त्या रचना मला पाठ होत्या, कारण मी घरातच असायची. मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब घरून करते, आणि दुष्काळाच्या त्या वर्षी तर घराबाहेर पडायची सोयच नव्हती. सोसायटीची सेक्रेटरी मी. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसायचं. आला की टाकीचं झाकण उघडायला, पाइप धरायला आणि रिकामा होईपर्यंत उभं राहायला माणूस लागायचा, आणि तो माणूस मी होते. भाजीला गेले आणि टँकर परत गेला, असं एकदा झालं. त्यानंतर मी भाजीही दारावर घ्यायला लागले. त्या उन्हाळ्यात मी आमच्या गेटच्या पलीकडे किती वेळा गेले ते आठवायचं म्हटलं तर फार आठवावं लागत नाही.

तर मी टँकरची वाट बघत बसायची आणि आतल्या खोलीत ताई वाजवायच्या. पहिली रचना दूध तापेपर्यंत संपायची. चौथीत डावा हात एकाच जागी येरझारा घालायचा आणि उजवा मधूनच काहीतरी विचारून गप्प व्हायचा. सातवी मला सगळ्यात त्रासाची. ती वर चढत जाते, चढत जाते, आता पोचणार असं वाटतं, आणि शेवटच्या पायरीच्या आधीच थांबते. मग पुन्हा खालून सुरू. दाराजवळ येऊन कडी न काढता परत फिरणाऱ्या माणसासारखं काहीतरी. ताई ती फार हळू वाजवत. मी कधीकधी बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "ताई, एकदाचं पोचवा हो त्याला."

हळू वाजवण्याचं कारण पुढे कळलं. नाशिकची विद्यार्थिनी भेटायला आली तेव्हा तिने फोनवर सातवी रचना शोधून लावली. कुणी परदेशी माणूस वाजवत होता, आणि ताईंच्या दुप्पट वेगात. रचना तीच, पण कुणी अडकलेलं वगैरे नव्हतं त्यात. कुणीतरी जिना धावत चढत होतं, आणि शेवटची पायरी मजेने सोडत होतं.

ताईंनी पूर्ण ऐकलं. "ह्याला गाडी पकडायचीय," म्हणाल्या.

विद्यार्थिनी हसली. पण पाहुणी गेल्यावर ताईंनी पियानोची एक पट्टी दाबली आणि ती वर यायला किती वेळ लागतो ते बघत राहिल्या. शाळेतून आला तेव्हापासून त्या पियानोच्या पट्ट्या जड होत्या. दाबलेली पट्टी सावकाश वर यायची. ती वर आल्याशिवाय तोच सूर पुन्हा वाजणार नाही. इतकी वर्षं ताई त्या पट्ट्यांच्या चालीने चालल्या होत्या आणि हंगेरीवाल्याचा स्वभावच तसा आहे असं समजत होत्या.

"नाशिकला नवा पियानो आहे ताई," नवरा म्हणाला. "हा कशाला ओढत न्यायचा? नुसत्या बॅगा घेऊन जा."

"नव्यावर मला ते येणार नाही."

"जरा भराभर वाजवायचं, एवढंच ना?"

"भराभर वाजवलं तर ते माझं राहणार नाही. ह्याच्यावर ते असंच आहे. हा आला तर मी जाते."

म्हणून मग आम्ही वाट शोधायला लागलो, आणि ती दुष्काळानेच दाखवली. आमच्या गॅलरीला लागून, चार-साडेचार फुटांवर, नवी इमारत उठत होती. आधी तिथे बाभळी होत्या. आता आमच्या भागात मोकळा प्लॉट म्हणून राहिलेला नाही. त्या वर्षी बांधकामाला पाणी मिळेना, तेव्हा काम थांबलं. थांबलं ते नेमकं दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतून झाल्यावर. तो स्लॅब आमच्या गॅलरीच्या फरशीपेक्षा जेमतेम वीतभर खाली. भिंती नाहीत, नुसते खांब. कडेला विटा-सिमेंट चढवायचं मशीन उभं. ग्रिल कापायचं, कठडा फोडायचा, फळ्या टाकून पियानो पलीकडे सरकवायचा आणि मशीनने खाली उतरवायचा. मी कागदावर आकृती काढली. सुपरवायझरने बघितली आणि म्हणाला, "मॅडम, एकदम बराबर. पर काम चालू व्हायच्या आधी करा. पाणी आलं की मी भिंती घेनार. मग तुमचा बाजा तिकडेच."

म्हणजे जे काय करायचं ते पावसाच्या आधी. मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. सगळं शहर आभाळाकडे डोळे लावून बसलं होतं, आणि आमच्या घरात एक बाई पाऊस जरा उशिराच यावा म्हणून गप्प बसली होती. ताई तसं बोलल्या कधीच नाहीत. पण बातम्यांत पावसाचा अंदाज सुरू झाला की उठून आत जात.

त्या स्लॅबवर राखणीला जे जोडपं होतं ते सोयगावकडचं. मेंढरं होती, ती चारा-पाण्यावाचून विकून टाकली, दोन शेळ्या तेवढ्या ठेवल्या आणि शहरात आले. पत्र्याचा आडोसा करून राहत. राखणदारीण तिशीतली, उंच, बोलकी. गॅलरीसमोर उभी राहून ताईंशी बोलायची. मधे चार फुटांची फट आणि खाली वाळूचा ढीग.

"ताई, हे रोज काय वाजविता ओ? लगनातलं नाय, भजनातलं नाय."

"आवडत नाही का?"

"तसं नाय. शेळी गप बसती, आमाला चालतंय." मग शेळीला बाजूला सारत, "पर ते एक हाय ना, वर जातंय नि माघारी येतंय. ते लई कोंडल्यावानी वाटतंय. ते दुपारच्याला नका वाजवू."

मी आत हसले. माझ्याच बाजूचं कुणीतरी निघालं होतं.

"पानी पडलं की आमी चाललो गावाकडं," ती पुढे म्हणाली. "म्हना की तुमी बी, लवकर पडू दे म्हनून. तुमच्या तोंडून लवकर ऐकंल द्येव."

"पडेल गं," ताई म्हणाल्या आणि कठड्यावरची धूळ पुसायला लागल्या.

तर तो रविवार. ग्रिल आदल्या दिवशी कापलं होतं, कठडा फोडला होता, राडारोडा पोत्यांत भरला होता, फळ्या मुकादमाने स्वतः उभं राहून तपासल्या होत्या. माझ्या यादीतलं सगळं जागेवर होतं. फक्त सकाळी गॅलरीत आले तेव्हा समोरच्या स्लॅबची कड मोकळी दिसली. मशीन नव्हतं.

सुपरवायझर डोकं खाजवत उभा. "मालकाने रात्री दुसऱ्या साइटवर नेलं मॅडम. तिकडे बोअरला पाणी लागलं, काम चालू झालं. टेन्शन नको, सोमवारी आणतो."

"टेम्पो खाली उभा आहे," मी म्हटलं.

"मंगळवार समजा."

नवरा म्हणाला, पुढे ढकलू. मुकादम म्हणाला, माणसं आज आहेत, परत लग्नसराईत मिळायची नाहीत. जिना आहे का समोर, तर जिनाही पहिल्या मजल्यापर्यंतच झालेला, वर नुसती शिडी. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी ताईंकडे.

"न्या पलीकडे," ताई म्हणाल्या. "घराबाहेर तर पडू दे."

हमालांनी फळ्यांवर पाइपचे तुकडे टाकले आणि पियानो पोत्यांच्या थप्पीसारखा हळूहळू ढकलला. मधल्या फटीवर आला तेव्हा फळी वाकली. मुकादम म्हणाला, "दम धरा, म्हातारं घाबरलंय," आणि एका दमात पलीकडे. शेळ्या उठून कोपऱ्यात गेल्या. राखणदारणीने आडोशाचा एक पत्रा काढून पियानोच्या डोक्यावर उभा केला. टेम्पोवाल्याला मी खाली जाऊन परत पाठवलं.

मशीन सोमवारी आलं नाही, मंगळवारीही नाही. सुपरवायझर फोनवर एकच सांगायचा: इथे काम सुरू झालं की येईल. काम पाणी आल्यावर सुरू होणार. म्हणजे आता ताईंनाही पाऊस हवा होता. हे त्यांनीच मला सांगितलं, भाजी निवडता निवडता. "आता मनापासून म्हणते," एवढंच.

"परत आत घेऊ या का?" मी विचारलं. "फळ्या आहेत अजून."

"नाही. परत आत नाही."



मग ताई रोज सकाळी आणि उन्हं उतरल्यावर फळीवरून पलीकडे जायला लागल्या. मी कठड्याच्या जागी दोर बांधला, फळी दोन्हीकडून आवळून घेतली. त्या स्टूल घेऊन जायच्या आणि एक वाटी पाणी. पियानोच्या खालच्या पेटीत पाण्याची वाटी ठेवायची त्यांची जुनी पद्धत होती, कोरड्या हवेत लाकूड तडकू नये म्हणून. टँकरच्या दिवसांतही त्यांनी ती सोडली नव्हती. स्वतःच्या पिण्याच्या पाण्यातून भरायच्या. घरात त्या वाटीवरून आमची कुरबुर झालेली होती.

राखणदारणीने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी गॅलरीतच होते.

"हे पानी कुनाला?"

"लाकडाला," ताई म्हणाल्या.

"लाकूड पितंय व्हय?" ती हसली, पण तिच्या डोक्यावर कोपऱ्यावरच्या नळावरून भरून आणलेला हंडा होता, आणि हसताना तिने तो हलू दिला नाही.

ताई वाटी हातात धरून उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी ती शेळीपुढे ठेवली. दुसऱ्या दिवसापासून वाटी शेळ्यांची झाली. घरात मी इतकं बोलून जे झालं नव्हतं, ते तिथे एका प्रश्नात झालं.

उघड्यावरचं ऊन, गरम वारा आणि आत पाणी नाही. पियानो वाळायला लागला. सूर उतरले, दोन पट्ट्या मुक्या झाल्या, एका रात्री आत काहीतरी तडकल्याचा आवाज राखणदारणीने ऐकला. मी रोज विचारायची, आज कोणत्या रचना जमल्या. पहिली गेली, तिसरी गेली. सातवी राहिली, तिच्यात त्या मुक्या पट्ट्या लागत नव्हत्या.

जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी टाकीपाशी पाइप धरून उभी होते. वरून सातवी ऐकू आली, आणि मला कळेना की फोन वाजतोय की पियानो. इतकी भरभर. कुणीतरी जिना धावत चढत होतं. सूर वाकडे होते, पण गाडी पकडणारा तोच वेग. टँकर रिकामा होईपर्यंत मला हलता येईना. टाकीचं झाकण लावलं आणि वर गेले.

ताई स्टुलावर बसून हाताकडे बघत होत्या.

"ऐकलंस?"

"ऐकलं. पकडलीत गाडी."

"पट्ट्या सुटल्या. वाळून सैल झाल्या. बघ." त्यांनी एक पट्टी दाबून सोडली. ती टक्कन वर आली. "आता हा मला अडवत नाही."

मग त्यांनी तीच रचना पुन्हा सुरू केली, नेहमीसारखी हळू. तेच चढणं, तेच शेवटच्या पायरीआधी थांबणं. राखणदारीण पत्र्याच्या सावलीत तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "पुन्यांदा तेच कामून? मघाचं बरं व्हतं की."

"मघाचं त्या फोनमधल्याचं होतं," ताई म्हणाल्या. "हे माझं."

फळीवरून परत येताना मी त्यांचा हात धरला. गॅलरीत आल्यावर त्या म्हणाल्या, "नाशिकला फोन कर. तिच्या पियानोवर मला एक दिवस बसू दे म्हणावं. तिथेही असंच हळू आलं, तर मग ह्याचं काही अडलेलं नाही. हा राहील इथे."

फोनवरची कामं पहिल्यापासून माझ्याकडे आहेत. ताईंना फोनवर बोलायला जमत नाही. मी यादीत लिहिलं. त्या दिवशी नाशिकची विद्यार्थिनी वर्गात असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी टँकर दोनदा आला. त्या आठवड्याच्या शेवटी ताईंनी विचारलं, "केलास का?" मी म्हटलं, "नाही, करते उद्या." "घाई नाही," त्या म्हणाल्या, आणि इतक्या चटकन म्हणाल्या की मी मान वर करून पाहिलं. त्या पालेभाजीच्या काड्या मोडत होत्या. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

पुढे पाऊस झाला. राखणदारीण शेळ्या घेऊन सोयगावला गेली. जाताना पियानोला प्लास्टिकचा कागद गुंडाळून सुतळीने आवळून गेली. मशीन काही आलं नाही. बिल्डर आणि त्याचा भागीदार यांचं बिनसलं, आणि इमारत खांबांवर आहे तशी उभी राहिली. ती अजून तशीच आहे. पावसाळ्यात पट्ट्या फुगतात, उन्हाळ्यात सुटतात. ताई फळीवरून जातात, आता मी मागे आणि पुढे नवा राखणदार, असं. सातवी तेवढी वाजते. तिचा आवाज आला की मी हिशेब बाजूला ठेवते. ऐकल्याशिवाय संध्याकाळ झाली असं वाटत नाही.

गॅलरीचा कठडा मी परत बांधून घेतलेला नाही, दोरच आहे. टाकी धुऊन झाली. लिफ्टच्या देखभालीचा करार झाला. नव्या वर्षाची वही घेतली की जुन्या यादीतली राहिलेली कामं मी तिच्यात उतरवून घेते, आणि दर वर्षी त्यांच्यात एक ओळ असते: नाशिकला फोन करणे. यंदाही उतरवली आहे. पुढे झाल्याची खूण नाही.